नानांच्या गाडीचे निदान

मराठी शिकविणाऱ्या माणसाने मोटारीतील पेट्रोलच्या दाबाविषयी लिहावयास बसावे, ही गोष्ट आमच्या कॉलेजातील पदार्थविज्ञानाच्या मंडळींना फारशी रुचणार नाही, हे मी जाणून आहे. दरवर्षी दिवाळी अंकातील या सदरात मी फराळ, पाहुणे, परीक्षेच्या उत्तरपत्रिका असल्या निरुपद्रवी विषयांवर चार पाने लिहितो आणि आपण ती गोड मानून घेता. यंदा मात्र माझा नाइलाज आहे. गेल्या दिवाळीपासून परवाच्या आषाढापर्यंत माझ्या डोक्यात दुसरा विषयच नव्हता. वर्गात अभिधा, लक्षणा आणि व्यंजना समजावून देताना ‘लक्षण’ एवढा शब्द तोंडातून निघाला, की मला आमच्या गाडीची लक्षणे आठवत आणि खडू हातात तसाच राही.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, 1984 सालची. ती माझी नव्हे, नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. नाना इकडच्याच एका साखर कारखान्याच्या मद्यार्क विभागात केमिस्ट होते. श्रीरामपूर हे रेल्वेच्या बेलापूर स्टेशनाभोवती वाढलेले गाव. हरेगाव, टिळकनगर, अशोकनगर ही नावे आम्ही लहानपणापासून साखरेच्याच संगतीने ऐकली. 1991 साली नानांनी ही गाडी जुनी म्हणून विकत घेतली, तेव्हा त्यांचे एक वाक्य ठरलेले असे. ज्या वालचंद हिराचंदांनी रावळगावला साखर केली, त्यांच्याच उद्योगसमूहाने कुर्ल्याला मोटार केली. तेव्हा साखरेच्या माणसाने दुसरी गाडी घेणे म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणे! साखरेला मीठ म्हणणारा केमिस्ट मी तेवढाच पाहिला.

पण मूळ गाडीतले आता काय उरले आहे, हा प्रश्न आहे. स्टिअरिंगजवळचा गियरचा दांडा नानांनी खाली जमिनीवर आणला. लांब बाकासारखे पुढचे आसन काढून दोन निराळ्या खुर्च्या बसविल्या. मूळची टाकी गंजली, तेव्हा दुसऱ्याच कुठल्या गाडीची टाकी डिकीत बसवून घेतली. या नव्या टाकीला हवा आतबाहेर होण्यासाठी एक बारीक श्वासनळी होती, पण ती जोडण्यास जागा सापडेना, म्हणून तिच्या तोंडात बोल्ट ठोकून ते बंद करण्यात आले. पुढे आमच्या आळीत गाड्यांतून पेट्रोल चोरण्याची साथ आली; तेव्हा टाकीचे साधे झाकण जाऊन किल्लीचे, आट्यांचे झाकण आले. किल्ली फिरविली की ते नुसतेच गोल गोल फिरत राही. चोराला ते उघडता येत नसे. या दोन बारीकसारीक गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात. मी ठेवल्या नाहीत.

सर्वांत मोठा फेरफार पंपाचा. या गाडीचा मूळ पंप इंजिनच्या अंगालाच बसविलेला असतो. इंजिन फिरले की त्यातला पडदा खालीवर होतो आणि टाकीतले पेट्रोल ओढून कार्बुरेटरकडे लोटतो. योजना साधी आणि चांगली. दोष एवढाच, की इंजिन तापले की पंपही तापतो आणि उन्हाळ्यात आतल्या पेट्रोलची वाफ होते. वाफ दाबली तर दबते, पुढे सरकत नाही. ज्यांच्या घरी कधीकाळी फियाट किंवा पद्मिनी होती, त्यांना पंपावर ठेवलेले ओले फडके आठवत असेल. आमच्या लहानपणी नगरच्या रस्त्याला गाडी थांबली, की नाना बॉनेट उघडत आणि आई पाण्याचा तांब्या व फडके घेऊन उतरे. जणू गाडीला ताप आला आहे आणि कपाळावर घडी ठेवावयाची आहे. 2012 साली नानांनी हा पंप काढून विजेवर चालणारा छोटा पंप मागे, टाकीजवळ, बसविला. किल्ली फिरविली की मागून टक्‌-टक्‌-टक्‌ असा आवाज येई, आणि नाना म्हणत, ‘‘उठली.’’

2023 च्या पावसाळ्यात नानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजते सगळे, पण तोंडातून एकच शब्द निघतो : ‘‘बरं.’’ भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी उतरली. ती बातमी टी.व्ही.वर पाहतानाही ते ‘‘बरं’’च म्हणाले आणि तोंड भिंतीकडे फिरवून पडून राहिले.

गाडी वर्ष-सव्वा वर्ष पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. गेल्या दिवाळीनंतर नानांना आठवड्यातून दोनदा व्यायामोपचारासाठी लोणीला नेण्याचे ठरले. रिक्षात ते बसेनात. भाड्याच्या मोटारीत बसविले तर डाव्या हाताने दार उघडू पाहत. आपली गाडी पुसून दारात उभी केली, तेव्हा मात्र आपण होऊन पाय पुढे टाकला. मग काय, मी टाकी साफ करविली, बॅटरी नवी घातली आणि चालविण्यास लागलो.

इथून माझी साडेसाती सुरू होते.

गाडी सकाळी उत्तम सुरू होई. गावात भाजी, बँक, कॉलेज, कुठेही काही तक्रार नाही. पण लोणीच्या वाटेला लागले, की बाभळेश्वरच्या अलीकडे तिचा जोर ओसरे. पाय दाबावा तर ती पुढे जाण्याऐवजी मागे पाहिल्यासारखी करी, दोन आचके देई आणि बंद पडे. दहा-पंधरा मिनिटे झाडाखाली थांबले, की काही झालेच नाही अशा थाटात सुरू होई.

आणखी एक गोष्ट तेव्हा चालू होती, ती येथे सांगून ठेवतो. मी नानांना पुढच्या खुर्चीत बसवून निघू लागलो, की नाना डावा हात वर करून मनगट डावीकडे फिरवीत आणि ‘‘बरं, बरं’’ म्हणत. पुन्हा पुन्हा फिरवीत. आईचे म्हणणे, मागच्या अंगणातला नळ बंद केला का ते विचारतात. हिचे म्हणणे, गॅसविषयी विचारतात. माझी लेक म्हणे, आजोबा ‘टाटा’ करतात. मी भाषेचा माणूस. मी ठरविले, की ‘किल्ली फिरव आणि निघ’ असा त्याचा भाव आहे. प्रत्येकाने आपापल्या हातातले काम त्या हातात पाहिले.

गाडी बंद पडू लागल्यावर गावातल्या एका गॅरेजात दाखविली. त्यांनी प्लग, पॉइंट आणि गाळणी बदलली. गाळणीत तपकिरी गाळ निघाला, तेव्हा मला रोगजंतू सापडल्याचा आनंद झाला. दोन दिवसांनी गाडी पुन्हा त्याच बाभळीखाली. दुसऱ्या गॅरेजात पंप बदलला. नवा पंप जुन्यापेक्षा मोठ्याने टक्‌टक्‌ करी, एवढाच फरक. तिसऱ्याने सांगितले, ‘‘सर, पंप ताकदीचा पाहिजे,’’ आणि आजकालच्या मोटारीचा पंप आणून बसविला.

हा प्रकार इतर कोणी करू नये म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आपल्या मोटारीच्या चाकात 28 ते 30 पौंड हवा असते, हे सर्वांना ठाऊक आहे. कार्बुरेटरच्या जुन्या गाडीला पेट्रोल लागते ते अवघ्या 3 ते 4 पौंड दाबाने. कार्बुरेटरात एक तरंगता डबा असतो. पेट्रोल भरले की तो वर येतो आणि सुईसारख्या झडपेने वाट बंद करतो. आपल्या संडासाच्या टाकीतल्या चेंडूप्रमाणेच. याउलट आजच्या गाड्यांत पेट्रोल पिचकारीने उडवितात, तेथे दाब 40 पौंडांच्या वर लागतो. तो पंप या सुईपुढे लावणे म्हणजे शाळकरी पोराच्या अंगावर पहिलवान सोडणे. सुईने हात टेकले, पेट्रोल कार्बुरेटरातून उतू गेले आणि तापल्या इंजिनावर ठिबकू लागले. शेडचे दार स्वयंपाकघराकडे आहे. हिने वास येताच चालू गॅस बंद केला, देव्हाऱ्यातले निरांजन विझविले आणि बाहेर येऊन मला जे सांगितले, ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाही. त्याच संध्याकाळी तो पंप निघाला व जुना बसला.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती, ती मला फार उशिरा उमगली. गाडी दारात आली, की प्रत्येकजण पहिल्याने टाकीचे झाकण उघडून आत पेट्रोल आहे की नाही ते पाही. मास्तर लोक पेट्रोल न भरता गाडी आणतात, असा या धंद्यातला सार्वत्रिक अनुभव असावा.

एव्हाना आमच्या घरात व कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आरोपी निश्चित झाला होता. पेट्रोलमधला मद्यार्क! पेट्रोलपंपावर ई-20 ची पाटी वाचून प्रत्येकजण हल्ली मोटारीच्या साऱ्या दुखण्यांचे खापर त्याच्यावर फोडतो. पुण्याहून थोरल्या बंधूंचा फोन आला, ‘‘नव्या पेट्रोलला तुझी म्हातारी टिकायची नाही. भंगारात दे.’’ मला हे पटत होते. अडचण होती ती नानांची. कारण मळीपासून काढलेला मद्यार्क हे त्यांचे आयुष्य. 2001 साली मिरजेला आणि आमच्याच लोहमार्गावरच्या मनमाडला पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचा प्रयोग सरकारने केला, 2003 पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू झाले, ती कात्रणे नानांनी जपून ठेवली होती. 2022 मध्ये 10 टक्क्यांचा टप्पा गाठला, तेव्हा त्यांनी घरात पेढे आणले. 2023 पासून 20 टक्क्यांचे पेट्रोल मिळू लागले आणि 2025 पर्यंत ते देशभर पोचले. पण तोवर नाना बोलण्याच्या पलीकडे गेले होते. आता त्यांच्या देखत त्यांच्या गाडीने त्यांच्याच मद्यार्कामुळे मान टाकावी, आणि ती आम्ही त्यांना ऐकवावी, हे मला कठीण वाटे.

निदान पेट्रोलमध्ये ठरल्याहून जास्त काही घातलेले नाही ना, एवढे तरी पाहावे म्हणून मी माळ्यावरून नानांचे जुने काचेचे मापपात्र काढले. त्यात 50 मिलिलिटर पाणी, वर 50 मिलिलिटर पेट्रोल घालावयाचे, तोंड बंद करून हलवावयाचे आणि उभे ठेवावयाचे. मद्यार्काची ओढ पाण्याकडे अधिक; तो पेट्रोल सोडून खाली पाण्यात उतरतो आणि पाण्याची रेषा वर चढते. हे आम्ही अंगणात, मोकळ्या हवेत, नानांच्या खुर्चीपुढे केले. मी वाकून पाहिले आणि म्हणालो, ‘‘बासष्ट.’’ नानांनी डाव्या हाताने माझी मान धरली आणि खाली दाबली. डोळा रेषेच्या समोर येईतो दाबली. रेषा 60 ला किंचित कमी होती. म्हणजे 50 मध्ये जेमतेम 10, वीस टक्के. जेवढा हवा तेवढाच. नानांनी समाधानाने ‘‘बरं’’ म्हटले. कितीतरी महिन्यांनी मला त्यांनी काही शिकविले होते, म्हणून मान दुखत असूनही मी तशीच थोडा वेळ ठेवली.

मद्यार्क सर्वस्वी निर्दोष, असे माझे म्हणणे नाही. त्याच्यासाठी न बनविलेले जुने रबर त्याने फुगते, मऊ पडते. जुन्या टाकीच्या पोटात वर्षानुवर्षे चिकटून बसलेली घाण तो सोडवितो आणि गाळणीत आणून भरतो. हवेतला ओलावा ओढतो. ओलावा फार झाला, की पाणी व मद्यार्क मिळून तळाशी बसतात, म्हणून अशी गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. लिटरमागे उष्णताही पेट्रोलच्या दोनतृतीयांशच, त्यामुळे गाडी काही अंशी कमी पळते. हे सगळे खरे. पण यातले काहीच नेमके बाभळेश्वरच्या अलीकडे घडण्याचे कारण नव्हते.

मग मे महिन्यातला तो मंगळवार उजाडला. भर उन्हात गाडी बंद पडली. जवळ झाड नव्हते. मी किल्ली फिरवीत होतो. नाना शेजारी बसून मनगट फिरवीत होते, ‘‘बरं, बरं, बरं’’ म्हणत. मला वाटले, ते मला किल्ली फिरवावयासच सांगत आहेत. मी फिरवीत राहिलो, शेवटी बॅटरी बसली. नाना घामाने निथळले होते. त्यांनी माझा दंड धरला, हलविला, मागच्या बाजूला बोट केले, पुन्हा मनगट फिरविले. ‘‘नाना, परत घरी नाही जायचं, लोणीला जायचंय,’’ मी ओरडलो. होय, ओरडलो. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि नंतर तो हलविला नाही. एका दूधवाल्याच्या टेम्पोत बसवून त्यांना इस्पितळात पोचविले. तेथे रक्तदाब उतरल्याचे निघाले, सलाइन लावावे लागले, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले.

रात्री बंधूंचा फोन आला. भंगारवाला सोमवारी येईल, असे ठरले. या खेपेला आईनेही हरकत घेतली नाही.

शनिवारी आमच्याकडे एस.टी. आगारातून निवृत्त झालेले एक मिस्त्री आले. नानांचे जुने स्नेही. समाचाराला आले होते. बोलता बोलता गाडीचा विषय निघाला. त्यांनी चहा बाजूला ठेवला आणि मला प्रश्न विचारावयास सुरुवात केली. अर्धा तास त्यांनी गाडीकडे पाहिलेही नाही. सकाळी बंद पडते का दुपारी? दोन्ही वेळा. चढाला का सपाटीला? कुठेही. बंद पडताना झटकन दिवा विझल्यासारखी पडते, का दम लागल्यासारखी? दम लागल्यासारखी. ‘‘मग वीज नाही, पेट्रोलच कमी पडतंय,’’ ते म्हणाले. आणि मग विचारले, ‘‘सर, निघताना टाकी भरलेली असती का कमी?’’

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. नानांना घेऊन जावयाचे, वाटेत खोळंबा नको, म्हणून मी लोणीला निघताना दर खेपेस टाकी काठोकाठ भरीत असे. गावात मात्र तळाशी चार-पाच लिटर असले तरी हिंडे.

‘‘भरलेली असली की पडती, आणि कमी असली की पडत नाही. बरुबर?’’

मी हो म्हणालो. मिस्त्री हसले, पण काही बोलले नाहीत. ‘‘उद्या मीटर घेऊन येतो. मीटर लावल्याबिगर मी कशालाच नाव ठेवत नसतो.’’

रविवारी सकाळी ते आले. पुण्याच्या नाना पेठेतून कधीकाळी घेतलेला, काच तडकलेला दाबाचा काटा त्यांच्या पिशवीत होता. पहिल्याने त्यांनी बॅटरीची एक तार सोडली, वाळूची बादली जवळ ठेवविली आणि माझ्या शेजाऱ्याला विडी विझवून यावयास सांगितले. मग गाडीखाली शिरून एकेक नळी बोटांनी चाचपली. पंपाच्या पुढची एक नळी बोटाला चिकटली. ती कापून दाखविली, तेव्हा आतले रबर फुगून लगद्यासारखे झालेले होते. मी हर्षाने ओरडलो, ‘‘सापडलं!’’

‘‘हा एक सापडला,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘हा आग लावायच्या कामाचा. पण गाडी बंद पाडणारा हाच का, ते काटा सांगंल.’’

मद्यार्क सोसणारी नवी नळी घातली. तार पुन्हा जोडून कार्बुरेटरकडे जाणारी नळी एका बाटलीत सोडली आणि घड्याळ लावून पंप चालविला. एका मिनिटात पाऊण लिटर. अर्धा लिटर पडला तरी पुरे असते, ते म्हणाले. मग गाडी चालू ठेवून विजेचे माप घेतले : बॅटरीपाशी साडेतेरा व्होल्ट, पंपापाशी तेरा. तारांत फारसे काही सांडत नव्हते. ज्या पंपासाठी मी दोनदा पैसे मोजले, तो बिचारा पहिल्यापासून धडधाकट होता! जाता जाता त्यांनी एक उणीव दाखविली, की हा पंप सरळ किल्लीवर जोडलेला आहे. उद्या गाडी धडकून इंजिन थांबले, नळी तुटली, तरी हा पेट्रोल ओतीतच राहील. तेथे त्यांनी इंजिनच्या तेलाच्या दाबावर चालणारी एक कळ बसविली. इंजिन थांबले की पंप थांबतो. ज्यांच्या जुन्या गाडीला असा पंप बसविलेला असेल, त्यांनी हे आजच पाहून घ्यावे.

मग कार्बुरेटरच्या तोंडाशी एक तिफाटा जोडला आणि लांब नळीने काटा बॉनेटबाहेर काढून समोरच्या काचेवर, बाहेरच्या बाजूने, चिकटपट्टीने बसविला. ‘‘पेट्रोलची नळी आत बसल्याजागी कधी आणायची नाही, सर. मीटर फुटलं तर मांडीवर.’’ टाकी काठोकाठ भरली. झाकण मी माझ्या शिस्तीने घट्ट आवळून, किल्ली लावून बंद केले. नेवासे रस्त्याला निघालो.

काटा साडेतीन पौंडांवर होता. मी रस्ता पाहत होतो, मिस्त्री काटा. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘‘तीन.’’ मग बरेच अंतर गप्प. ‘‘अडीच.’’ मागचा टक्‌टक्‌ आवाज आता धाप लागल्यासारखा भरभर येऊ लागला. ‘‘दीड.’’ मला त्या उन्हातही गारठल्यासारखे झाले, कारण पाय दाबूनही गाडी उचलेना. ‘‘एक.’’ दोन आचके, आणि गाडी उभी.

‘‘किल्लीला हात लावू नका. पंप चालू राहू द्या.’’ इंजिन बंद पडले तरी पंप बोलावा म्हणून त्यांनी मघाची कळ तात्पुरती बाजूला जोडून ठेवली होती. ते उतरले, बॉनेटकडे गेलेच नाहीत. सरळ मागे गेले आणि किल्ली मागितली. झाकण फिरविले मात्र, बाहेरून आत हवा शिरल्याचा असा लांब आवाज झाला, की मी दोन पावले मागे सरलो. बुडता माणूस पाण्यावर येऊन पहिला श्वास घेतो, तसा तो होता. मी धावत पुढे जाऊन काटा पाहिला. चढत होता. दोन, तीन, साडेतीन.

बाकीचे मिस्त्रींनी रस्त्याच्या कडेला धुळीत काडीने काढून दाखविले. पंप पेट्रोल ओढतो, तेवढी जागा टाकीत रिकामी होते. ती भरावयास हवा आत यावी लागते. श्वासनळीला बोल्ट, झाकण हवाबंद, मग हवा येणार कुठून? आत पोकळी होते आणि ती पेट्रोल मागे ओढते. पंप एका बाजूने ओढतो, टाकी दुसऱ्या बाजूने. त्या ओढाताणीत नळीतल्या पेट्रोलची वाफही सुटते. टाकी निम्मी रिकामी असली, की आतली पुष्कळ हवा पसरून काही वेळ भागवते. काठोकाठ भरलेली असली, की हवेला जागा थोडी आणि पोकळी लौकर. थांबले, की आट्यांतून कशीबशी हवा झिरपते आणि गाडी पुन्हा चालते. गॅरेजात नेली, की पहिल्याने झाकण उघडले जाई आणि रोग पळून जाई. नाडी पाहण्याआधीच वैद्य रोज औषध पाजीत होता, आणि श्रेय पंपाला मिळत होते.

‘‘पण नाना हीच गाडी, याच झाकणानं, दहा वर्षं चालवत होते,’’ मी म्हणालो. ‘‘शिर्डी केली, पुणं केलं. तेव्हा कधी बंद पडली नाही.’’

मिस्त्री झाकण हातात खेळवीत होते. ‘‘मग ते एवढं आवळत नसतील, सर,’’ ते सहज म्हणाले. आणि झाकण आट्यांवर बसवून, पुरते फिरवून, त्यांनी मनगट डावीकडे वळवून ते अर्धा आटा मागे घेतले.

मी त्या मनगटाकडे पाहत राहिलो.

सहा महिने ते मनगट माझ्या शेजारी फिरत होते. पंचवीस वर्षे मी मुलांना शब्दांचा वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि व्यंग्यार्थ शिकवीत आलो आहे, आणि त्या हाताला वाच्यार्थाखेरीज दुसरा अर्थच नव्हता. झाकण सैल कर, एवढेच ते म्हणत होते. मेमधल्या त्या उन्हात मागच्या बाजूला बोट करून, मला हलवून म्हणत होते.

घरी आलो. नाना ओट्यावर बसलेले होते. मी काही न बोलता झाकण त्यांच्या हातात दिले आणि रिकाम्या बरणीचे तोंड पुढे धरावे तशी माझी मूठ पुढे धरली. त्यांनी झाकण मुठीवर ठेवले, उजवीकडे फिरविले, थांबले, आणि अर्धा आटा डावीकडे. मग माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, ‘‘नाना, चुकलो.’’ ते ‘‘बरं’’ म्हणाले. हे बरं कोणते, ते मला सांगता येणार नाही. आई पदराने झाकण पुसू लागली. त्याला पेट्रोलचा वास होता, तरी पुसत राहिली.

भंगारवाल्याला मी फोन केला. बंधूंना फोन करावयास मात्र दोन दिवस लागले, कारण सांगावयाचे काय आणि कसे, हे जुळेना. शेवटी मी काट्याचे आकडे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि गणपतीला येतो म्हणाले.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी श्वासनळीतला बोल्ट काढला, तिला नवी नळी जोडून टाकीच्या वर उंच वळसा दिला आणि बाहेरच्या तोंडाशी धूळ अडविणारी लहान गाळणी लावली. मजुरी घेईनात; हिने करंज्यांचा डबा दिला तो घेतला. एकूण खर्च सांगितला, तर तिसऱ्या गॅरेजच्या त्या पहिलवान पंपाच्या चौथ्या हिश्शाचाही नाही. आषाढापासून आजवर आम्ही आठवड्यातून दोनदा लोणीला जातो आहोत आणि त्या बाभळीखाली थांबलेलो नाही. नाना काठी घेऊन अंगणाच्या दोन फेऱ्या मारू लागले आहेत.

आता झाकण कितीही घट्ट लावले तरी चालते, हे मी नानांना दोनदा, चित्र काढून, समजावून सांगितले आहे. त्यांना समजले आहे, याविषयी मला शंका नाही. तरीही निघताना ते डावा हात वर करतात आणि मनगट फिरवितात. मग मी गाडीतून उतरतो, मागे जातो, झाकण अर्धा आटा सैल करतो आणि येऊन बसतो.